दोन दिवसांचा ताप

झिरकपूर, ९ सप्टेंबर २०२४

प्रिय ज्ञानदा,

आशीर्वाद लिहावा की नाही यातच दहा मिनिटं गेली. लिहितो आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून हा कागदाचा खटाटोप. चंद्रपूरचा पत्ता तुझ्या आईच्या डायरीतून उतरवून घेतला, तिला न विचारता. ती सध्या माझ्याशी फक्त भाजी काय करू एवढंच बोलते, आणि तेही भाजी चिरून झाल्यावर.

माझ्या बदल्यांमुळे तू शाळेत मराठी शिकली नाहीस. जे येतं ते आईने सुट्ट्यांमध्ये बसवून शिकवलेलं. म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतो आहे. कुठे अडलीस तर तिला फोन कर, तिलाही बरं वाटेल.

आधी कामाचं. ज्याच्यावरून तू घर सोडून गेलीस तो आपला गेट नंबर एकचा गार्ड अशोक मागच्या महिन्यात हॉस्पिटलमधून आपल्या घरी परतला. इथेच झिरकपूरला बाजारामागच्या गल्लीत त्याची खोली आहे. भिंत धरून चालतो म्हणे. मी अजून गेलेलो नाही, पण जाणार आहे.

आता जे झालं ते मी शांतपणे लिहितो, कारण तू मला एकदाही शांतपणे बोलू दिलं नाहीस. १७ जूनला दुपारी सव्वादोनच्या सुमारास तो गेटवर कोसळला. पारा पंचेचाळीसवर होता, हे खरं. त्याला दोन दिवस ताप होता असंही कळलं. सोसायटीचा अध्यक्ष म्हणून मी स्वतः माझ्या गाडीतून त्याला जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, बरोबर गार्डांचा सुपरवायझर विक्रम होता. तासाभराने त्यांनी चंदीगडला, सेक्टर ३२च्या सरकारी हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. तिथे इमर्जन्सीत तू ड्यूटीवर असशील याची मला कल्पना नव्हती. बस, एवढंच झालं.

तुझा खरा राग त्या कागदावरून आहे, हे मला ठाऊक आहे. मे महिन्यात तू मला एक पान लिहून दिलंस. बारा ते चार गार्डने उन्हात उभं राहायचं नाही, दर तासाला माणूस बदलायचा, टाय आणि टोपी बंद, गेटवर बर्फ आणि ओले टॉवेल, आणि पार्सलं ठेवायला घेतलेली गार्डची केबिन त्यांना परत द्यायची. मी म्हणालो, जुलैच्या सर्वसाधारण सभेत ठेवू. तू म्हणालीस, "पापा, जुलै में तो बारिश आ जाएगी." मी हसलो होतो. मला वाटलं, बरंच झालं मग, प्रश्नच मिटला.

मी जैसलमेरला उन्हाळे काढले आहेत, बाळ. भटिंड्याच्या धावपट्टीवर भर जूनमध्ये विमानाखाली पाठ टेकून काम केलं आहे. उन्हाने माणूस मरत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं. एवढं तरी समजून घे.

तुझा,
पापा

---

झिरकपूर, ३ नोव्हेंबर

प्रिय ज्ञानदा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असणार. त्यावर मी दिवाळी साजरी केली.

आईने चकल्यांचा डबा भरून दिला आणि म्हणाली, "अशोककडे देऊन या. आणि डबा परत आणायच्या निमित्ताने पुन्हा जा." मग गेलो. तो खाटेवर बसला होता. मला पाहून उठायला गेला, मी नको म्हणेपर्यंत उभासुद्धा राहिला, आणि सॅल्यूट करायला हात उचलला तर तो कानाच्या मागेच गेला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मी त्याचा हात धरून खाली घेतला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, हिमाचलमधल्या ऊना गावाकडचा, डोंगरातला. शब्द ओढून ओढून बोलतो. पहिलं वाक्य काय बोलला असेल? "सर जी, गेट पे कौन है?"

मी म्हणालो, आहे कोणीतरी, तू काळजी करू नकोस.

त्याची बायको कश्मिरा आता आपल्याच सोसायटीत दोन घरी स्वयंपाक करते. तिने चहा दिला. काही मागितलं नाही. मी तयारी करून गेलो होतो की ती चिडेल, रडेल. तिने फक्त कप उचलला आणि आत गेली. मी लवकर निघालो.

तू म्हणाली होतीस, मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उष्णतेने जळतो आणि तो परत येत नाही. त्या दिवशी इमर्जन्सीत तू हे मला सांगत होतीस तेव्हा मी तुझ्या कोटावरचा डाग बघत होतो. ऐकलं मात्र सगळं होतं.

एक गोष्ट केव्हाची लिहायची आहे. विक्रम आता इथे नाही. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने त्याला डेराबस्सीच्या एका गोदामावर टाकलं. नुसता बुखार है असं सांगून पेशंटला उशीर केला, असं त्याच्या नावावर लागलं. तूही त्या दिवशी त्याला सगळ्यांसमोर फार बोललीस. "तुम डॉक्टर हो क्या? किसने बोला सिर्फ बुखार है?" तो आपला जी मॅडम, जी मॅडम. त्याने उलट उत्तर का दिलं नाही, याचा तू कधी विचार केलास का?

जाऊ दे. थंडी पडायला लागली आहे. तुझ्या आईने तुझी जुनी रजई उन्हात टाकली आहे, कशासाठी ते मी विचारलं नाही.

पापा

---

झिरकपूर, १९ जानेवारी २०२५

ज्ञानदा,

चार दिवस सूर्य दिसलेला नाही. समोरचा ब्लॉक धुक्यात दिसत नाही. अशा हवेत उन्हाविषयी लिहायचं म्हणजे खोटं वाटतं, पण तेवढ्याचसाठी लिहितो आहे. तूच म्हणायचीस ना, की उन्हाळ्याचं काम जानेवारीत करायचं असतं. जूनमध्ये फक्त ॲम्ब्युलन्स बोलवायची असते.

कामगार कार्यालयात अशोकचा अर्ज गेला आहे. कश्मिराने कोणाच्या तरी मदतीने केला. प्रश्न एकच आहे: त्याला जे झालं ते कामामुळे झालं की आधीच्या आजारामुळे. कामामुळे असेल तर त्याचे उपचार आणि पुढचं पेन्शन लागू होईल. आजारामुळे असेल तर काहीच नाही.

एजन्सीचा मॅनेजर घरी आला होता. तिळगुळाची गजक घेऊन आला. माझ्या नावाचं निवेदन टाइप करूनच आणलं होतं. "सर, बस दो लाइन का है. गार्ड को दो दिन से बुखार था, और सोसाइटी ने उसको छांव और पानी दिया हुआ था. आप तो फौजी आदमी हैं, आपकी बात पक्की मानी जाएगी."

सही करायला किती वेळ लागतो? मी कागद ठेवून घेतला, चष्मा सापडत नाही म्हणालो. चष्मा डोळ्यावरच होता. तो बिचारा गजक ठेवून निघाला.

रात्री जेवताना तुझ्या आईने विचारलं, "पण ताप होता हे पहिल्यांदा कोण म्हणालं?" साधा प्रश्न. मी गीझर बंद केला का ते बघायला उठलो. परत आलो तर तिने ताटं उचलली होती. तुझ्या आईने माझ्याशी संसार केला तो सतरा गावांत, माझं कुठलं उठणं कशासाठी असतं हे तिला कळतं.

गेटविषयी मी तुला पूर्ण सांगितलेलं नाही. आता सांगतो. केबिनमध्ये पार्सलं ठेवायची हा निर्णय माझा. लोकांची तक्रार होती की ऑनलाइनची खोकी उन्हात पडतात, औषधं आणि चॉकलेटं खराब होतात. मी केबिन रिकामी करून रॅक लावले आणि आतला पंखा तसाच ठेवला. स्टूल मी एप्रिलमध्ये काढून घेतलं, कारण एक जण त्यावर पेंगताना दिसला. टाय मी आणला. आणि बोर्डावर मीच लिहून घेतलं होतं की रिलीव्हर आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. हवाई दलात हे वाक्य मी एवढ्या वेळा म्हटलं की ते कुठेही चालतं असं वाटायला लागलं. तिथे रिलीव्हर यायचा. इथे एजन्सीने दोन माणसं कमी केली होती, त्यामुळे गेट एकचा रिलीव्हर त्या दिवशी आलाच नाही. अशोक सकाळी सहापासून उभा होता. खोकी आत, पंख्याखाली. माणूस बाहेर.

सही केलेली नाही अजून.

पापा

---

झिरकपूर, २४ मार्च

ज्ञानदा,

मार्च संपायचा आहे आणि दुपारी गॅलरीत पाय ठेववत नाही. होळीनंतर थोडे दिवस तरी गारवा असायचा, तो या वर्षी गेला कुठे कोण जाणे. तुझ्या चंद्रपूरचं तर विचारायलाच नको. आईच्या फोनवर तुझा आवाज ऐकला, दारामागे उभा राहून. तू सांगत होतीस की तुम्ही तिथे शाळांची छपरं पांढरी करताय आणि मजुरांच्या वेळा बदलून घेताय. लोक ऐकत नाहीत म्हणालीस. "सब पापा जैसे हैं." तुझी आई हसली. मलाही हसू आलं, पण मी तिथे नव्हतो ना, म्हणून गिळलं.

परवा मी तुझं ते पान काढलं. पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं, बाळ. मे महिन्यात मी पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या. खाली तू लिहिलं होतंस की आता रात्रीही पारा तिशीखाली जात नाही, पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाचं शरीर रात्रभर निवतच नाही, तो सकाळी कामावर येतो तेव्हाच अर्धा संपलेला असतो. हे मला माहीत नव्हतं. जैसलमेरला आम्ही रात्री गच्चीवर पांघरूण घेऊन झोपायचो. मी ज्या उन्हाळ्याचा दाखला सगळ्यांना देत होतो तो उन्हाळाच आता राहिलेला नाही, आणि तो गेल्याचं माझ्या लक्षात आलं नाही, कारण माझ्या बेडरूमला एसी आहे.

मग खाली गेलो. सभा नाही, नोटीस नाही. रॅक क्लबहाऊसच्या पॅसेजमध्ये हलवले, केबिन रिकामी केली. स्टूल परत ठेवलं. टायची पिशवी भरून माळ्यावर टाकली. शेडनेटवाल्याला फोन केला. बर्फाची पेटी आमच्याच घरची, पिकनिकची. बोर्डावरचं ते वाक्य पुसलं. पोस्ट सोडून सावलीत जायला कुणाचीही परवानगी लागणार नाही असं नवीन लिहिलं. ज्ञानदा, फोन सोडला तर सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. चाळीस. तू मला ते पान दिलंस त्यानंतर अशोक कोसळेपर्यंत अठ्ठावीस दिवस होते.

संध्याकाळी बी-ब्लॉकच्या अनिमेषने मला लिफ्टपाशी गाठलं. "अंकल, गार्ड अंदर बैठेगा तो गेट पे कौन देखेगा? और इतनी जल्दी क्या है, अप्रैल में मीटिंग है ना." त्याचं बोलणं मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हा माझा आवाज कुठून काढतोय. मी त्याला फार वाईट बोललो. इतकं वाईट बोलायची गरज नव्हती. तो मुलगा चांगला आहे. रागावलो होतो तो दुसऱ्याच माणसावर.

निवेदन अजून ड्रॉवरमध्ये आहे. सुनावणी १७ एप्रिलला आहे.

पापा

---

झिरकपूर, १६ एप्रिल

ज्ञानदा,

हे शेवटचं पत्र असेल तर तू ते शेवटपर्यंत वाच. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

अशोकला ताप नव्हता. दोन दिवस नाही, एक दिवस नाही, सकाळीही नाही. ताप होता हे मी म्हणालो. विक्रम नाही, मी.

नर्सिंग होममध्ये त्याला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टर तरुण होते, नीट होते, त्यांचा काहीही दोष नाही. त्यांनी मला सरळ विचारलं, "धूप में था?" दुसऱ्या गाडीतून आलेली आपल्या सोसायटीतली चार माणसं मागे उभी होती. तुझं पान घरी ड्रॉवरमध्ये होतं. मी म्हणालो, "नहीं, छांव में था. दो दिन से बुखार है इसको." त्यांनी पुन्हा विचारलं, "पक्का?" मी म्हणालो, "पक्का." कुणी शिकवलं नव्हतं, विचारही केला नव्हता. काही बिघडलं की आधी आपल्या युनिटवर बोट येऊ द्यायचं नाही, ही सवय तोंडालाच लागलेली. मग त्यांनी तापाचे उपचार सुरू केले, रक्त तपासायला पाठवलं, सलाइन लावलं, मेंदूज्वर असेल म्हणून वाट पाहिली. बर्फ कोणीच आणला नाही. तू इमर्जन्सीत त्याला हात लावलास आणि ओरडलीस, "ये तो जल रहा है, बर्फ लाओ," तोपर्यंत दीड तास गेला होता. पहिला अर्धा तासच खरा असतो, हे त्या पानावर तूच लिहिलेलं होतंस. मी मार्चमध्ये वाचलं.

तू विक्रमवर चिडलीस तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं होतं. मी खिशातला मोबाइल काढला आणि त्यात बघत राहिलो.

ऊन मी पाडलं नाही. पण केबिन मी घेतली, स्टूल मी घेतलं, अठ्ठावीस दिवस मी घेतले आणि शेवटी तो दीड तासही मीच घेतला. गेले सात महिने मी तुला पत्रं लिहितो आहे आणि प्रत्येक पत्रात या वाक्यापाशी येऊन वळसा घालतो आहे. तुझ्या आईला काल सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही कधी सांगता याची वाट बघत होते." मग ती खूप रडली. मीही रडलो. सतरा गावांत असं कधी झालं नव्हतं.

एजन्सीचा कागद फाडला. माझं निवेदन हाताने लिहून आजच कामगार कार्यालयात देऊन आलो, उद्या तोंडी सांगीन. अध्यक्षपद सोडलं. विक्रमला डेराबस्सीला जाऊन भेटलो. तो म्हणाला, "कोई बात नहीं सर, हो जाता है." मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. दुपारी मी कश्मिराकडे गेलो. उद्या तिने ते कचेरीत परक्यांसमोर ऐकू नये असं वाटलं. ती नुकतीच कामावरून आली होती, अशोक झोपला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. याही वेळी तिच्या रागाची तयारी करूनच गेलो होतो.

ती खाली बसली. मग म्हणाली, "मतलब बुखार था ही नहीं?"

मी म्हणालो, "नहीं था."

"साब जी, डॉक्टर दीदी ने उस दिन मेरे से पूछा था. दो दिन से बुखार था तो ड्यूटी पे क्यों भेजा, आपको दिखा नहीं? मैं दस महीने से यही सोच रही हूं. रोज. सोचती हूं उस सुबह मैंने डब्बा दिया, उसका हाथ लगा मेरे हाथ को, गरम था क्या? मुझे याद ही नहीं आता. मैं कैसी औरत हूं, मुझे पता नहीं चला. इसकी मां को भी मैंने यही बोला, मेरी गलती है."

मग तिने पुन्हा विचारलं, "पक्का नहीं था ना?"

हा प्रश्न तू तिला विचारला होतास हे मला ठाऊकच नव्हतं. तू विचारायलाच हवा होतास, डॉक्टर तेच विचारतो. तुझ्या तोंडी तो मी घातला.

मी तिला पक्का म्हणालो, पण माझ्या पक्क्यावर तिने आता का विश्वास ठेवावा? तिला ते तुझ्याकडून ऐकायला हवं आहे. मला फोन करू नकोस, माझा नंबर ब्लॉकच राहू दे. तिला कर. तिला सांग की तिच्या हाताने बरोबर ओळखलं होतं, त्या सकाळी तो हात गरम नव्हता.

नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे. दुपारी तीननंतर ती घरी असते.

श्रीनिवास